लिटरमागे दोन किलोमीटर

१४८९. अँबॅसिडरचं आरसी बुक कधी चाळलं असेल, तर हा आकडा ओळखीचा वाटेल. पांढऱ्या सरकारी अँबॅसिडरच्या बॉनेटखाली वर्षानुवर्षं जे पेट्रोल इंजिन चाललं, त्याची क्षमता १४८९ सीसी. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी-सिरीज’ घराण्यातलं ते इंजिन. याच घराण्यातलं, याच क्षमतेचं इंजिन घेऊन १९५५ साली ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून एक बुटकी, देखणी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार बाहेर पडली होती. तिचं नाव एमजीए. १९६२ साली तिची जागा एमजीबीने घेतली. इंजिन तेच, पण १७९८ सीसीपर्यंत वाढवलेलं. दोन कार्ब्युरेटर, ९५ अश्वशक्ती, वजन टनाच्या आत. १९८० पर्यंत अशा पाच लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या, आणि त्यांतल्या कितीतरी ब्रिटन-अमेरिकेत आजही रविवारी सकाळी गॅरेजमधून बाहेर निघतात.

अशा गाडीच्या मालकाला ‘ॲव्हरेज किती देते?’ असं विचारणं बऱ्याच जणांना अरसिकपणाचं वाटतं. मला तसं वाटत नाही. जुन्या गाडीचं ॲव्हरेज ही तिची नाडी आहे. ठाकठीक एमजीबी ब्रिटिश गॅलनला २५ मैलांच्या आसपास चालते, म्हणजे लिटरला जवळपास ९ किलोमीटर. ओव्हरड्राइव्ह असेल आणि पाय हलका असेल तर १० किलोमीटरचा टप्पाही ओलांडते. तीच गाडी आज ७ देत असेल, तर ‘जुनी झाली, चालायचंच’ म्हणून सोडून देऊ नये. इंजिनाचा नकाशा बदललेला नाही, गाडीचं वजन वाढलेलं नाही. मधले दोन किलोमीटर कुठेतरी गळतायत, आणि ती गळती शोधता येते. त्यासाठी फारसं काही विकत घ्यावंही लागत नाही. ही गाडी आजच्या छोट्या हॅचबॅकसारखं ॲव्हरेज कधीच देणार नाही, पण तिचं स्वतःचं जे होतं ते तिला परत मिळू शकतं.

दोन किलोमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, म्हणून आधी एक हिशेब. लिटरला ७ देणारी गाडी १०० किलोमीटरला १४.३ लिटर पेट्रोल पिते. ती ९ देऊ लागली की हा आकडा ११.१ वर येतो. म्हणजे शंभर किलोमीटरमागे ३ लिटरहून जास्त बचत. नव्या गाडीचं ॲव्हरेज १८ वरून २० वर नेलं तर तेवढ्याच अंतरात अर्ध्या लिटरहून थोडंसंच जास्त वाचतं. तळाच्या गाडीला वर उचलण्यात सगळ्यात जास्त फायदा असतो. आणि त्यातला मोठा फायदा पैशांचा नसतोच. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलचा पातळ थर धुऊन नेतं, खाली उतरून संपमधलं ऑइल पातळ करतं, आणि रिंगा, बोअर, बेअरिंग सगळं लवकर झिजतं. जी गाडी पेट्रोल फुकट घालवते, ती इंजिनही झिजवत असते.

सुरुवात मोजण्यापासून. पेट्रोलच्या काट्यावर विश्वास ठेवू नये, जुन्या गाडीत तो अंदाज सांगतो. टाकी गळ्यापर्यंत भरायची, किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी त्याच पंपावर तितकीच भरायची आणि भागाकार करायचा. असं निदान तीन टाक्या करावं, कारण एका टाकीत भरण्यातला फरकच बराच असतो. ओडोमीटरही फोनवरच्या जीपीएसशी ताडून पाहावा. मूळच्यापेक्षा वेगळ्या घेराचे टायर घातलेले असतील तर ओडोमीटर खोटं बोलतो, आणि मग जो आजार नाहीच त्यावर औषध चालू होतं. अमेरिकेतल्या मालकाचा आकडा वाचताना त्यांचा गॅलन ३.७८५ लिटरचा आणि ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, हेही ध्यानात ठेवावं. नाहीतर आपलीच गाडी उगाच हुशार किंवा उगाच ढ ठरते.

मग बॉनेट उघडण्याआधी गाडी जॅकवर घ्यावी. एकेक चाक हाताने फिरवून पाहावं. मोकळं फिरतंय का? जुन्या गाडीत ब्रेक धरून राहणं इतकं सर्रास असतं की मी शोध नेहमी इथूनच सुरू करायला सांगेन. कॅलिपरचा पिस्टन गंजतो, हँडब्रेकची केबल आखडते, हे सगळ्यांना माहीत असतं. रबरी ब्रेक होज मात्र फसवतो. तो बाहेरून चांगला दिसतो आणि आतून फुगून त्याचं भोक बारीक झालेलं असतं. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण पाय काढल्यावर परत यायला त्याला तेवढा जोर नसतो. ब्रेक अर्धवट दाबलेलाच राहतो आणि इंजिन दिवसभर स्वतःच्याच ब्रेकशी झटत बसतं. ब्रेकचा फारसा वापर न करता आठ-दहा किलोमीटर फिरून यावं आणि चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात नेऊन बघावा. एखादं चाक इतरांपेक्षा गरम असेल तर चोर तिथेच आहे. टायरमधली हवा आणि व्हील अलाइनमेंट ही कामं त्याच दिवशी उरकून घ्यावीत.

आता इंजिनाकडे. इथे बहुतेकांचा हात थेट कार्ब्युरेटरकडे जातो, आणि तिथेच चूक होते. आधी स्पार्क, मग पेट्रोल. स्पार्क चुकीच्या वेळी पडत असेल तर कार्ब्युरेटरचं कुठलंही ट्यूनिंग खरं नसतं.

या गाडीच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये स्पार्कची वेळ पुढे-मागे करणारी दोन वेगवेगळी यंत्रं असतात. एक म्हणजे फिरत्या वजनांचं. इंजिनाचे फेरे वाढले की वजनं बाहेर फेकली जातात आणि स्पार्क लवकर पडतो. दुसरं म्हणजे बाजूला लावलेली छोटी गोल डबी, व्हॅक्यूम ॲडव्हान्सची. आपल्या गोष्टीतली खरी नायिका ही डबी आहे. सपाट रस्त्यावर ऐंशीच्या वेगाने निवांत जाताना थ्रॉटल जेमतेम उघडा असतो. सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण थोडं आणि विरळ भरतं, आणि विरळ मिश्रण सावकाश जळतं. पिस्टन खाली जाऊ लागण्याच्या वेळी त्याचा पुरा दाब मिळायला हवा असेल तर काडी लवकर ओढावी लागते. अशा वेळी इनलेटमध्ये निर्वात जास्त असतो. तो डबीतला रबरी पडदा ओढतो, पडदा आतली पट्टी फिरवतो आणि स्पार्क आणखी लवकर पडतो. तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम निघतं.

पन्नास-साठ वर्षांत तो पडदा फाटतो. फाटला तरी चालकाला काहीच कळत नाही. जोरात ॲक्सिलरेटर दाबला की थ्रॉटल पूर्ण उघडतो, निर्वात जवळपास नाहीसा होतो, आणि तेव्हा या डबीला तसंही काही काम नसतं. त्यामुळे पिकअप पूर्वीसारखाच राहतो. गाडी ओव्हरटेक छान करते, मालक खूश असतो, आणि निवांत चालीत, म्हणजे प्रवासाच्या बहुतेक वेळात, स्पार्क उशिरा पडून पेट्रोल वाया जात राहतं. तपासणी अगदी सोपी आहे. इंजिन बंद करून डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढायचं, डबीची नळी कार्ब्युरेटरकडून सोडवून तोंडाने हवा ओढायची आणि जिभेने नळीचं टोक बंद करायचं. आतली पट्टी सरकून तशीच थांबली तर पडदा शाबूत. सरकलीच नाही, किंवा सरकून लगेच परत आली, तर पडदा गेला किंवा आतलं काही अडकलंय. कित्येक गाड्यांत ती नळी कुणीतरी केव्हातरी काढून टाकलेली असते. त्या मालकांचं काम दोन मिनिटांचं.

डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचं, म्हणजे उघडझाप करून स्पार्क पाडणाऱ्या संपर्कांचं, दुखणं आणखी संथ. फिरत्या कॅमवर घासून त्यांची टाच झिजते, त्यामुळे फट कमी होते, आणि फट कमी झाली की टायमिंगही मागे पडतं. म्हणून आधी फट नीट करायची, साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, आणि मग टायमिंग लावायचं. उलट क्रमाने केलं तर पहिली मेहनत पाण्यात. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवण्याविषयी मालकांमध्ये मोठे वाद चालतात. माझ्या मते त्याचा फायदा स्पार्कच्या ताकदीत नाही, स्थिरपणात आहे. आज लावलेलं टायमिंग वर्षभर जागेवर राहतं.

आता कार्ब्युरेटर. याची गोष्ट एका पादत्राणांच्या घराण्यापासून सुरू होते. लंडनच्या ‘लिली अँड स्किनर’ या बूट विकणाऱ्या व्यवसायातल्या जॉर्ज हर्बर्ट स्किनरला बुटांपेक्षा मोटारींचं वेड. १९०५च्या सुमारास त्याने एक वेगळ्याच कल्पनेचा कार्ब्युरेटर बनवला, आणि सुरुवातीच्या नमुन्यांत घरच्या धंद्याला साजेसा चामड्याचा भाता बसवला. ‘स्किनर्स युनियन’वरून त्याचं नाव पडलं एसयू. पुढे चामडं गेलं, तिथे धातूचा पिस्टन आला, आणि हाच एसयू एमजीबीवर जोडीने बसला. आपल्याकडे अँबॅसिडरवरही तो बरीच वर्षं होता, त्यामुळे जुन्या मेकॅनिकांच्या हातांना त्याची चांगली ओळख असते.

त्याची रचना समजून घ्यायला फार यंत्रज्ञान लागत नाही. इंजिन जितकी हवा ओढेल तितका एक पिस्टन घुमटात वर उचलला जातो. पिस्टनच्या खाली निमुळती होत गेलेली एक सुई, म्हणजे नीडल, आणि ती जेटच्या भोकात उतरलेली. पिस्टन वर गेला की सुईचा बारीक भाग भोकाशी येतो, फट वाढते, पेट्रोल जास्त येतं. हवा कमी झाली की पिस्टन खाली, सुई जाड, पेट्रोल कमी. हवेबरोबर पेट्रोलचं माप आपोआप बदलतं. वेगवेगळ्या वेगांसाठी वेगवेगळे जेट नाहीत, सगळा कारभार एका सुईकडे आणि एका भोकाकडे. या साधेपणामुळे मला हा कार्ब्युरेटर मनापासून आवडतो.

पण दुखणंही याच साधेपणात आहे. थ्रॉटलची झडप ज्या दांड्यावर फिरते, तो दांडा वर्षानुवर्षं फिरून आपल्या भोकात सैल होतो. त्या फटीतून चोरटी हवा आत शिरते. आयडलिंगला इंजिन मुळातच थोडी हवा घेत असतं, म्हणून ही चोरटी हवा तिथे सगळ्यात जास्त जाणवते. मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, गाडी थरथरते, सिग्नलला बंद पडते. मग कुणीतरी जेटचा नट फिरवून जेट खाली घेतो, पेट्रोल वाढवून मिश्रण रिच करतो, आयडलिंग शांत होतं. सगळे समाधानी. मात्र जेट एकच आहे. तो खाली आला म्हणजे आयडलिंगलाच नव्हे, चाळीसलाही, ऐंशीलाही, घाटातही मिश्रण रिच झालं, आणि त्या वेगांना चोरट्या हवेचा प्रभाव नगण्य असतो. सिग्नलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या शांततेसाठी उरलेल्या सगळ्या प्रवासात जास्तीचं पेट्रोल जात राहतं. गळणाऱ्या दोन किलोमीटरांतला मोठा वाटा बहुधा इथे सापडतो. उपाय एकच, दांड्याला नवी बुशिंग घालून घ्यायची. कार्ब्युरेटरच्या सुट्या भागांच्या संचात गास्केटं आणि सुया मिळतात, पण सैल झालेलं भोक त्याने भरत नाही.

चोकचंही असंच. एसयूत चोक ओढला की जेटच खाली ओढला जातो. केबल आखडलेली असेल तर डॅशबोर्डवरची खुंटी आत जाते आणि जेट मात्र पूर्ण वर येत नाही. इंजिन गरम झाल्यावर खालून बोटाने दोन्ही जेट वर ढकलून पाहावेत. हलले तर आजपर्यंत गाडी थोड्या चोकवरच चालत होती. घुमटाच्या मधल्या नळीत पातळ ऑइल असतं, ॲक्सिलरेटर दाबताच पिस्टन एकदम उसळू नये म्हणून. ते संपलं की मिश्रण क्षणभर लीन होतं, गाडी अडखळते, आणि मालक पुन्हा जेट खाली घ्यायला निघतो. एक चमचाभर ऑइल पुरलं असतं.

दोन कार्ब्युरेटर एकसारखी हवा ओढतायत की नाही, हे पाहायला महागडं उपकरण लागत नाही. रबरी नळीचा एक हातभर तुकडा घ्यायचा, एक टोक कानाला, दुसरं आधी एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. फुसफुस एकाच पट्टीत ऐकू आली पाहिजे. बी-सिरीजच्या हेडमध्ये दोन-दोन सिलिंडरांना मिळून एकच इनलेट वाट आहे. त्यामुळे एक कार्ब्युरेटर आळशी असला की अर्धं इंजिन आळशी होतं आणि उरलेलं अर्धं त्याचा भार वाहतं. मग मिश्रणाची परीक्षा. गरम इंजिन आयडलिंगला ठेवून, बाजूच्या खिळीने एका कार्ब्युरेटरचा पिस्टन अगदी थोडा, मिलिमीटरहूनही कमी, उचलायचा. फेरे वाढले आणि वाढलेलेच राहिले तर मिश्रण रिच. लगेच पडले तर लीन. क्षणभर किंचित वाढून पुन्हा मूळपदावर आले तर बरोबर. जेटच्या नटाला सहा बाजू असतात, आणि एका वेळी एकच बाजू फिरवायची. शेवटी लांबच्या फेरीनंतर प्लग काढून पाहावेत. काजळी धरलेले काळे प्लग म्हणजे अजून रिच, फिकट तपकिरी म्हणजे छान.

एक गोष्ट मात्र ॲबिंग्डनच्या इंजिनिअरांच्या हिशेबात नव्हती, ती म्हणजे इथेनॉल. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याकडे २०२५ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर पोचलं. लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणून २० टक्के मिश्रणात एकूण ऊर्जा ६-७ टक्क्यांनी घटते. तेवढं ॲव्हरेज जाणारच, ते कुणी परत आणून देऊ शकत नाही. शिवाय इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेच माप लीन पडतं. नव्या गाडीतला सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. एसयूला सेन्सर नाही, त्याचा सेन्सर म्हणजे मालकाचा कान. म्हणून वर सांगितलेली परीक्षा ज्या पेट्रोलवर गाडी रोज चालते, त्याच पेट्रोलवर करावी. जास्त ॲव्हरेजच्या लोभाने जेट मुद्दाम वर घेऊन लीन चालवणं तर अजिबात नको. गाडी तापते, अडखळते, आणि व्हॉल्व्ह जळले तर वाचवलेलं सगळं पेट्रोल त्या एका बिलात जातं. जुने रबरी पेट्रोल पाइपही इथेनॉल सोसणारे घालून घ्यावेत. हा सल्ला ॲव्हरेजसाठी नाही, आगीपासून वाचण्यासाठी आहे.

पेट्रोल पाइपला बांधायचे चुंबक, टाकीत टाकायच्या गोळ्या, हवेला गरगर फिरवणाऱ्या चकत्या यांच्या वाटेला जाऊ नये. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून जास्त उपकरणं तपासली. त्यांतली फारच थोडी उपयोगी ठरली, आणि तीही किंचितच. त्याच पैशात नवा थर्मोस्टॅट येतो. तो अडकून उघडाच राहिला असेल तर इंजिन कधी पुरतं तापत नाही, आणि थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. याच कारणाने रविवारी चार छोट्या चकरा मारण्यापेक्षा एक लांबची फेरी बरी. ओतीव लोखंडाचं ते इंजिन तापायला वेळ घेतं, आणि तोवरचा सगळा प्रवास महागाचा असतो.

राहता राहिला रस्ता. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० वरून ११० वर गेलात तर हवा दीडपट जोराने अडवते, आणि टप उघडा असेल तर त्याहून जास्त. उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची आपल्याकडची सवय मात्र सोडावी. नव्या गाडीत गिअरमध्ये उतरताना पेट्रोल बंद होतं, या जुन्या गाडीत होत नाही हे खरं. तरीही घाटात इंजिनाचा आधार सोडून सगळा भार ब्रेकवर टाकण्याइतकं पेट्रोल महाग नाही.

पेट्रोल वाचवायचा मान खरा ओव्हरड्राइव्हचा. गिअरबॉक्सच्या मागे जोडलेली ही एक वेगळी पेटी. आत ग्रहमालेसारखे फिरणारे गिअर, आणि स्विच दाबला की क्लच न दाबता ती लागू होते. टॉप गिअरमध्ये १०० किलोमीटरच्या वेगाला इंजिनाचे मिनिटाला सुमारे ३,४५० फेरे होतात. ओव्हरड्राइव्हमध्ये तेच २,८०० वर येतात. वेग तोच, काम तेच, पण फेरे कमी म्हणजे घर्षण कमी. शिवाय कमी फेऱ्यांत तेवढंच काम करायला थ्रॉटल जास्त उघडावा लागतो, आणि फायदा त्यातच आहे. अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून हवा ओढताना पिस्टनला, बारीक नळीने शहाळं पिताना गालांना पडतो तसा, ताण पडतो. वाट मोकळी झाली की तो ताण सुटतो. कित्येक गाड्यांत ही पेटी धडधाकट असते, पण स्विचची वायर कुठेतरी तुटलेली म्हणून वर्षानुवर्षं मुकी पडलेली असते. ती वायर जोडून मोकळ्या रस्त्यावर पहिल्यांदा स्विच दाबला की इंजिनाचा आवाज एक पायरी खाली उतरतो, टॅकोमीटरचा काटा सावकाश २,८०० वर येऊन थांबतो, आणि गाडी आपल्या मूळ चालीने पुढे जात राहते.